कॉम्प्टिया ए प्लसची तयारी: व्हिडिओ कमी, हात जास्त

ए प्लस म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्ती आणि आयटी सपोर्टच्या कामासाठीचं सर्टिफिकेट, आणि त्याची तयारी करणारे बरेच जण एकाच जागी अडकलेले दिसतात. व्हिडिओ सगळे बघून झालेले असतात, वही भरलेली असते, पण सराव परीक्षा दिली की मार्क काही केल्या वर सरकत नाहीत. मी पण तिथे दीड महिना अडकलो होतो, आणि मग हळूहळू कळलं की आपण तयारी एका परीक्षेची करतोय आणि परीक्षा दुसरीच आहे. आपण पाठ करतो "डीएचसीपी म्हणजे काय" (नेटवर्कवर आलेल्या कॉम्प्युटरला आयपी पत्ता वाटणारी सोय), आणि पेपरात येतं असं की एका माणसाच्या कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता मिळालाय, शेजारच्या सगळ्यांचं नेट व्यवस्थित चालू आहे, तर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल? चारही पर्याय बरोबर वाटतात, कारण चारही गोष्टी खऱ्या आयुष्यात कधी ना कधी केल्या जातातच. विचारलेलं असतं ते फक्त "आधी काय".

म्हणून हा लेख. कोणता विषय किती वाचायचा यापेक्षा कसा वाचायचा यावर जास्त लिहिलंय.

आधी परीक्षा समजून घ्या

ए प्लस हे कॉम्प्टियाचं सर्टिफिकेट १९९३ पासून आहे आणि ते एका पेपरात मिळत नाही, दोन पेपर असतात, कोअर १ आणि कोअर २. सध्याची सिरीज २२०-१२०१ आणि २२०-१२०२, ही मार्च २०२५ मध्ये आली, आणि आधीची ११०१-११०२ वाली सिरीज २५ सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. हे आधीच सांगतोय कारण जुन्या सिरीजची पुस्तकं आणि फुकटचं मटेरियल अजून सगळीकडे फिरतंय. त्यातलं बरंचसं चालतं, हार्डवेअर आणि नेटवर्किंगचा पाया काही बदलत नाही, पण सराव परीक्षा मात्र नव्या सिरीजच्याच घ्या. आणि दोन्ही पेपर एकाच सिरीजचे पास व्हावे लागतात, एक जुना एक नवा असं चालत नाही.

प्रत्येक पेपरला ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. पास व्हायला कोअर १ ला ६७५ आणि कोअर २ ला ७००, पण स्केल १०० ते ९०० असा आहे, त्यामुळे ६७५ म्हणजे ७५ टक्के असा सरळ हिशोब करू नका, तो तसा बसत नाही. कोणता पेपर आधी द्यायचा यावर बंधन नाही, पण माझं मत विचाराल तर कोअर १ आधीच द्या, कारण कोअर २ मधलं विंडोजचं नेटवर्क सेटिंग किंवा सिक्युरिटी समजायला कोअर १ चं नेटवर्किंग डोक्यात असलेलं बरं पडतं. कॉम्प्टिया १२ महिन्यांचा अनुभव असावा असं सुचवते, पण ती अट नाही, कुठलीही पदवी किंवा आधीचं सर्टिफिकेट लागत नाही.

कोअर १ मध्ये पाच भाग: मोबाईल डिव्हाइस १३ टक्के, नेटवर्किंग २३, हार्डवेअर २५, व्हर्च्युअलायझेशन आणि क्लाऊड ११, आणि हार्डवेअर-नेटवर्कचं ट्रबलशूटिंग २८. कोअर २ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम २८, सिक्युरिटी २८, सॉफ्टवेअर ट्रबलशूटिंग २३ आणि ऑपरेशनल प्रोसिजर २१. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. क्लाऊड ऐकायला भारी वाटतं म्हणून त्यावर दोन आठवडे घालवणारे आणि प्रिंटरला हात न लावणारे मी पाहिलेत, आणि नंतर त्यांना प्रिंटरच नडलेला पण पाहिलाय.

ऑब्जेक्टिव्हची पीडीएफ हाच खरा सिलॅबस

पुस्तक विकत घ्यायच्या आधी कॉम्प्टियाच्या साईटवरून दोन्ही पेपरच्या ऑब्जेक्टिव्हची, म्हणजे परीक्षेत काय काय येतं त्या मुद्द्यांची पीडीएफ उतरवून घ्या, ती फुकट मिळते. त्यात प्रत्येक मुद्दा नंबर टाकून दिलेला असतो, शेवटी शॉर्टफॉर्मची लांबलचक यादी असते, सरावासाठी कोणतं सामान हाताशी असावं त्याची पण यादी असते. बहुतेक जण ही फाईल एकदा उघडतात आणि बंद करतात.

तिचा वापर असा करा. प्रिंट काढा किंवा स्प्रेडशीटमध्ये टाका आणि प्रत्येक ओळीपुढे तीन खुणांपैकी एक करा: हे मी दुसऱ्याला समजावून सांगू शकतो, हे ऐकलंय पण सांगता येणार नाही, हे माहितीच नाही. सगळी गंमत मधल्या खुणेत आहे. जे माहितीच नाही ते आपण झक मारत वाचतोच, पण जे "ऐकलंय" ते आपल्याला येतं असं वाटत राहतं आणि पेपरात तिथेच पाय घसरतो.

प्रत्येक ऑब्जेक्टिव्हच्या सुरुवातीचं क्रियापद पण बघा. "एक्सप्लेन" किंवा "कम्पेअर" असेल तर समजून घ्यायचंय, पण "इन्स्टॉल", "कॉन्फिगर" किंवा "गिव्हन अ सिनॅरिओ" असं असेल तर तिथे हाताने करून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण करून दाखवायचे प्रश्न अशाच मुद्द्यांवर येतात.

शॉर्टफॉर्मची यादी एका दमात पाठ करायला बसू नका, रोज दहा घ्या. परीक्षा इंग्रजीत असते, त्यामुळे शॉर्टफॉर्म आला की लगेच डोक्यात चित्र उभं राहिलं पाहिजे, फुलफॉर्म आठवण्यात वेळ जायला नको. माझी एक सवय होती, प्रत्येक गोष्ट मराठीत एका वाक्यात सांगून बघायची, म्हणजे डीएनएस म्हणजे नाव दिलं की पत्ता सांगणारा, डीएचसीपी म्हणजे नव्या आलेल्याला पत्ता वाटणारा, नॅट म्हणजे घरातल्या सगळ्यांना बाहेर एकाच पत्त्यावर दाखवणारा. आपल्या भाषेत सांगताना अडखळलो की समजायचं, हे अजून आलेलं नाही.

किती दिवस लागतात

रोज दीड तास देऊ शकत असाल तर एका पेपरला सहा ते आठ आठवडे धरा. कॉम्प्युटर आधीपासून उघडून जोडणाऱ्याला कोअर १ चार आठवड्यांत पण होतो. पण महत्त्वाचं म्हणजे परीक्षेची तारीख तयारी संपल्यावर घ्यायची नाही, साधारण दोन तृतीयांश झाली की घेऊन टाकायची, कारण तारीख नसली की "अजून एकदा वाचतो" हे संपतच नाही. व्हाउचर, म्हणजे परीक्षेची फी आधी भरून मिळणारा कोड, घेतलं असेल तर त्याची मुदत बघून ठेवा, मुदत संपली की पैसे गेले.

दीड तासाची वाटणी पण सांगतो, अर्धा तास वाचन किंवा व्हिडिओ, पाऊण तास हाताने करणं, आणि शेवटची पंधरा मिनिटं कालचं आणि परवाचं न बघता आठवणं. हे शेवटचं कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगी पण तेच आहे.

एक जुना कॉम्प्युटर मिळवा

चालू असलाच पाहिजे असं नाही, बंद पडलेला असेल तर उलट बरं. तो पूर्ण उघडा, रॅम काढा, सीपीयूचा फॅन काढा, पॉवर सप्लायच्या वायरी काढून कुठली कुठे जाते ते बघा आणि परत जोडा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, खराब झाला तर अख्खा बदलायचा, आणि हे परीक्षेत पण विचारतात. हात लावायच्या आधी अँटिस्टॅटिक पट्टा बांधा, नसेल तर केसच्या उघड्या धातूला हात लावून मग कामाला लागा.

हाताने केल्यावर आकडे पाठ करावे लागत नाहीत, ते बसतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीच्या डेस्कटॉप रॅमला २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. हे वाचून विसरायला होतं, पण एकदा चुकीची रॅम स्लॉटवर धरून बघितली की आयुष्यभर लक्षात राहतं. लॅपटॉपच्या रॅमला डीडीआर४ मध्ये २६० आणि डीडीआर५ मध्ये २६२ पिना. एम.२ चा (छोट्या एसएसडीचा) स्लॉट दिसला की आत साटा प्रकारची डिस्क चालते की त्याहून वेगवान एनव्हीएमई ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा, कारण दिसायला स्लॉट सारखाच असतो आणि पेपरात नेमकं तिथेच फसवतात.

मग मुद्दाम बिघाड करा. रॅम अर्धवट बसवा आणि काय होतं बघा, बीप येते का, लाईट लागते का, फॅन फिरतो पण स्क्रीन काळी राहते का. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बूट ऑर्डर बदला आणि एरर काय येतो तो वाचा. डिस्कची वायर काढा. प्रत्येक बिघाडाचं लक्षण वहीत लिहा, कारण पेपर उलट्या बाजूनेच येतो, लक्षण ते देतात आणि कारण तुम्हाला शोधायचं असतं.

हार्डवेअर मिळालंच नाही तर निदान व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, लावाच. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, त्यात विंडोज ११ आणि एखादं लिनक्स टाका. विंडोज ११ टाकतानाच तुम्हाला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी समोर येतील, त्या पण पाठ करायची गरज उरत नाही. काहीही मोडायच्या आधी स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मागच्या स्थितीला परत येता येतं, मग बिनधास्त मोडा.

नेटवर्किंग: शिडी चढायची

नेटवर्किंगला घाबरून लोक पोर्ट नंबरची, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक सेवेला ठरलेल्या नंबरची यादी पाठ करत बसतात. यादी लागतेच, त्यातून सुटका नाही: एफटीपी २० आणि २१, एसएसएच २२, टेलनेट २३, एसएमटीपी २५, डीएनएस ५३, डीएचसीपी ६७ आणि ६८, एचटीटीपी ८०, पॉप३ ११०, आयमॅप १४३, एलडॅप ३८९, एचटीटीपीएस ४४३, एसएमबी ४४५, आरडीपी ३३८९. ही रोज एकदा कोऱ्या कागदावर लिहा, आठवड्यात होऊन जाईल. पण खरा अभ्यास वेगळा आहे.

नेट चालत नाही अशी तक्रार आली की एका क्रमाने वर चढत जायचं. आधी आयपीकॉन्फिग ही कमांड टाकून पत्ता बघायचा. १६९.२५४ ने सुरू होतोय म्हणजे डीएचसीपीकडून काही मिळालेलं नाही आणि कॉम्प्युटरने स्वतःच पत्ता लावून घेतलाय. असं एकट्याचंच झालंय की सगळ्यांचं? एकट्याचं असेल तर केबल, पोर्ट, नेटवर्क कार्ड याकडे बघायचं, सगळ्यांचं असेल तर डीएचसीपी सर्व्हरकडे, आणि जुन्यांचं चालू पण नव्याने जोडलेल्यांचंच बंद असेल तर वाटायचे पत्ते संपलेले असू शकतात. पत्ता बरोबर असेल तर १२७.०.०.१ ला पिंग (समोरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड), म्हणजे स्वतःचं टीसीपी-आयपी ठीक आहे का ते कळतं, मग गेटवेला, म्हणजे बाहेर जायच्या वाटेवरच्या राऊटरला पिंग, मग बाहेरच्या एखाद्या आयपीला, आणि शेवटी नावाला. आयपीला पिंग जातंय आणि नावाला जात नाहीये म्हणजे डीएनएस, बाकी कुठे बघायचंच नाही, एनएसलुकअप ही नावाचा पत्ता विचारणारी कमांड टाकून खात्री करायची.

लेखाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. शेजाऱ्यांचं चालू आहे म्हणजे सर्व्हरला हात लावायचा नाही, आधी या एका मशीनची केबल आणि पोर्टवरची लाईट बघायची. "राऊटर बदला" आणि "विंडोज परत टाका" हे पर्याय तिथे मोहात पाडायलाच ठेवलेले असतात.

ही शिडी स्वतःच्या मशीनवर रोज चढा. डीएनएसचा पत्ता मुद्दाम चुकीचा टाका, गेटवे चुकीचा टाका, सबनेट मास्क बिघडवा, आणि प्रत्येक वेळी शिडीच्या कुठल्या पायरीवर अडकतं ते बघा. दोन संध्याकाळी पुरतात आणि पेपरातले नेटवर्कचे कितीतरी प्रश्न यातच निघतात.

खाजगी पत्त्यांच्या रांगा, म्हणजे १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८, या नजरेत बसल्या पाहिजेत. वायफायमध्ये २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण गर्दी जास्त, एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११, आणि ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीपुढे दमतं. केबलमध्ये कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंतच मिळतं, पूर्ण १०० मीटर हवं तर कॅट ६ए. केबलच्या टोकाला वायरी बसवायच्या ५६८बी पद्धतीचा रंगक्रम पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ५६८ए मध्ये केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल, बाकी तेच.

ट्रबलशूटिंगच्या ६ पायऱ्या

सगळ्या अभ्यासातून एकच पान पाठ करायचं असेल तर हे करा. समस्या ओळखा, म्हणजे युजरला विचारा, अलीकडे काय बदललं ते विचारा आणि काही करायच्या आधी बॅकअप आहे ना ते बघा. मग संभाव्य कारण काय असेल त्याचा अंदाज बांधा, साध्या आणि उघड गोष्टींपासून सुरुवात करून. मग तो अंदाज तपासा, चुकला तर नवा अंदाज बांधा किंवा वरच्या टीमकडे पाठवा. बरोबर निघाला तर दुरुस्तीचा प्लॅन ठरवा आणि करा. मग सगळी सिस्टिम नीट चालतेय ना ते तपासा आणि परत होऊ नये म्हणून काही करता येत असेल तर ते करा. आणि शेवटी काय झालं, काय केलं ते लिहून ठेवा.

वाचायला हे इतकं साधं वाटतं की लोक सोडून देतात. पण "टेक्निशियनने कारण शोधलं आणि खात्री केली, आता पुढे काय" या प्रश्नाचं उत्तर फक्त या क्रमातून येतं, आणि उत्तर असतं प्लॅन ठरवणं, लगेच पार्ट बदलणं नाही. तसंच "प्रिंटर दुरुस्त झाला, युजर खूष आहे, आता काय" याचं उत्तर लिहून ठेवणं. प्रत्येक सिनॅरिओ वाचताना आधी स्वतःला विचारा, गोष्ट आत्ता कितव्या पायरीवर आहे? पायरी सापडली की चारातले दोन पर्याय आपोआप गळतात.

व्हायरस काढण्याचा पण असाच ठरलेला क्रम आहे: लक्षणं तपासून खात्री करा, मशीन नेटवर्कपासून वेगळं करा, सिस्टिम रिस्टोर बंद करा, अँटिमालवेअर अपडेट करून स्कॅन करा आणि साफ करा, गरज पडली तर सिस्टिम परत टाका, पुढचे स्कॅन आणि अपडेट शेड्यूल करा, सिस्टिम रिस्टोर चालू करून नवा रिस्टोर पॉइंट बनवा, आणि शेवटी युजरला समजावून सांगा. रिस्टोर आधी बंद का करायचं? कारण जुन्या रिस्टोर पॉइंटमध्येच व्हायरस बसलेला असू शकतो आणि साफ केल्यावर तिथूनच परत येतो. कारण कळलं की क्रम आपोआप लक्षात राहतो.

लेझर प्रिंटरचं पण तेच. प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्सपोझिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्युझिंग, क्लीनिंग, या सात पायऱ्या नुसत्या घोकू नका, प्रत्येकीला एक बिघाड जोडा. बोटाने पुसलं की शाई निघते म्हणजे फ्युझर तापत नाहीये. पानावर ठराविक अंतराने तोच डाग परत परत येतो म्हणजे ड्रम किंवा एखाद्या रोलरवर ओरखडा आहे. आधीच्या छापाची पुसट सावली दिसते म्हणजे ड्रम नीट साफ किंवा चार्ज होत नाहीये.

कोअर २ मध्ये कुठे थांबायचं

विंडोजची टूल्स व्हिडिओत बघून कळत नाहीत, रोज उघडा. टास्क मॅनेजर, इव्हेंट व्ह्यूअर, डिव्हाइस मॅनेजर, डिस्क मॅनेजमेंट, सर्व्हिसेस. कमांडमध्ये एसएफसी, डिझम, चेकडिस्क, जीपीअपडेट, नेटस्टॅट, रोबोकॉपी, या प्रत्येकीचं "कधी वापरायची" हे एका वाक्यात यायला हवं. विंडोज होममध्ये डोमेन जॉईन करता येत नाही, ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो, आणि त्या मशीनवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही, हे तिन्ही मुद्दे सिनॅरिओत लपवून विचारतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अपग्रेड आणि सपोर्ट संपलेल्या सिस्टिमचा मुद्दा पण नीट बघा.

एका विषयावर जरा जास्त वेळ द्या, शेअर परमिशन (नेटवर्कवरून फोल्डर उघडायची परवानगी) आणि एनटीएफएस परमिशन (डिस्कवरच्या फाईल-फोल्डरलाच लावलेली परवानगी). नेटवर्कवरून फोल्डर उघडला तर दोन्ही लागू होतात आणि त्यातली जी जास्त कडक ती चालते, म्हणजे शेअरवर फुल कंट्रोल आणि एनटीएफएसवर फक्त रीड असेल तर मिळणार रीडच. पण त्याच मशीनवर बसून उघडला तर शेअरचा संबंध येत नाही, फक्त एनटीएफएस बघायचं. त्याच ड्राईव्हवर फाईल हलवली तर तिला थेट लावलेली परमिशन सोबत जाते, कॉपी केली तर नव्या फोल्डरची लागते. व्हर्च्युअल मशीनमध्ये दोन युजर बनवून अर्धा तास खेळा, शंका राहणार नाही.

सिक्युरिटीत नावांची सरमिसळ होते, फिशिंग ईमेलवरून, स्मिशिंग मेसेजवरून, विशिंग फोनवरून, व्हेलिंग म्हणजे मोठ्या अधिकाऱ्यालाच गळाला लावणं, टेलगेटिंग म्हणजे दुसऱ्याच्या पाठोपाठ दारातून घुसणं.

ऑपरेशनल प्रोसिजर हा भाग लोक "कॉमन सेन्स आहे" म्हणून सोडतात. २१ टक्के आहे तो. चेंज मॅनेजमेंट, तिकीट नीट लिहिणं, ३-२-१ बॅकअप म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, पुराव्याची साखळी जपणं (पुरावा कुणाकडून कुणाकडे गेला त्याची नोंद), आणि चिडलेल्या युजरशी कसं बोलायचं. इथे उत्तर देताना आपला स्वभाव बाजूला ठेवा. युजर चुकीचं बोलत असला तरी मध्येच तोडायचं नाही, वाद घालायचा नाही, त्याला दोष द्यायचा नाही, त्याच्या टेबलावरचे कागद बघायचे नाहीत. मला स्वतःला हा भाग फार आवडतो, कारण नोकरीत पहिल्या दिवसापासून लागतो तो हाच.

सराव परीक्षा आणि चुकांची वही

पहिली सराव परीक्षा अभ्यास संपायच्या आधीच द्या, मार्क बघायला नाही, कुठे कच्चं आहे ते कळायला. नंतर प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी वहीत तीन ओळी लिहा: बरोबर उत्तर का बरोबर आहे, मी निवडलेलं का चुकीचं आहे, आणि मी ते का निवडलं. तिसरी ओळ सगळे टाळतात आणि तिथेच सगळं असतं. माझ्या वहीत अर्ध्याहून जास्त वेळा "प्रश्न घाईत वाचला" हेच निघालं, म्हणजे फर्स्ट, नेक्स्ट, बेस्ट, मोस्ट लाइकली, लीस्ट एक्स्पेन्सिव्ह हे शब्द डोळ्याखालून गेले आणि दिसलेच नाहीत. त्यानंतर मी शेवटची ओळ आधी वाचायला लागलो आणि मग वरची गोष्ट.

बरोबर आलेल्या प्रश्नात पण बाकीचे तीन पर्याय कोणत्या प्रश्नाचं उत्तर झाले असते ते शोधा, एका प्रश्नातून चार प्रश्नांचा अभ्यास होतो. तोच सेट परत परत देऊन ९५ टक्के आले तर फसू नका, ते पाठांतर आहे. न बघितलेल्या सेटमध्ये सलग दोन-तीनदा ८० ते ८५ टक्के येत असतील तर तुम्ही तयार आहात, असं मी धरतो.

"खरे प्रश्न" म्हणून जे डम्प विकले जातात त्यांच्या नादाला लागू नका. कॉम्प्टियाच्या नियमात ते बसत नाही, पकडलं तर निकाल रद्द होऊ शकतो, आणि त्यातली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात हे वेगळंच.

परीक्षेच्या दिवशी

परीक्षा पिअर्सन व्ह्यूमार्फत होते, सेंटरवर जाऊन किंवा घरून ऑनलाईन. घरून द्यायची असेल तर खोलीत दुसरं कोणी येता कामा नये, टेबल पूर्ण रिकामं, दुसरा मॉनिटर बंद, फोन हाताच्या अंतरावर नको, आणि ओठ हलवत प्रश्न वाचायची सवय असेल तर आधीच मोडा, कारण कॅमेऱ्यावरून टोकतात. सिस्टिम टेस्ट आदल्या दिवशी त्याच मशीनवर, त्याच नेटवर करा. शांत खोली आणि भरवशाचं नेट यातलं एक जरी नसेल तर सरळ सेंटर निवडा. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळतंय ना ते आठवडाभर आधी बघा.

पेपर उघडला की बहुतेक वेळा सुरुवातीलाच करून दाखवायचे प्रश्न येतात, पीबीक्यू म्हणतात त्यांना. राऊटर सेट करा, केबल ओढून जागेवर ठेवा, लक्षणं वाचून पार्ट निवडा असले. एकेकात सहा-आठ मिनिटं सहज जातात आणि घड्याळ बघून घाम फुटतो. वाचा, फ्लॅग करा, पुढे जा. आधी सगळे पर्यायी प्रश्न उरका, एकावर मिनिटाच्या वर थांबायचं नाही, आणि शेवटची पंचवीस मिनिटं पीबीक्यूला ठेवा. अर्धवट आलं तरी जेवढं येतंय तेवढं भरा, कुठलाही प्रश्न कोरा सोडू नका. पहिलं निवडलेलं उत्तर ठोस कारण सापडल्याशिवाय बदलू नका.

निकाल

पेपर संपला की पास की नापास ते लगेच कळतं आणि स्कोअर रिपोर्ट मिळतो, त्यात कोणत्या ऑब्जेक्टिव्हमध्ये चुकलं ते लिहिलेलं असतं. पास झालात तरी तो जपून ठेवा, दुसऱ्या पेपरच्या तयारीत आणि इंटरव्ह्यूला उपयोगी पडतो. दोन्ही पास झाल्यावर सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं, त्यानंतर चालू ठेवायला त्याच मुदतीत २० सीईयू (शिकत राहिल्याचे पॉइंट) जमवावे लागतात, किंवा नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस असं वरचं काही केलं तरी ए प्लस त्याबरोबर पुढे जातं.

नापास झालात तर फक्त तोच पेपर परत द्यायचा असतो. दुसऱ्या प्रयत्नाला थांबायचं बंधन नाही, तिसऱ्यापासून मात्र प्रत्येक वेळी आधीच्या प्रयत्नानंतर किमान १४ दिवस थांबावं लागतं, आणि फी दर वेळी नव्याने. बंधन नसलं तरी दुसऱ्याच दिवशी परत देऊ नका. त्याच संध्याकाळी, आठवणी ताज्या असताना, कुठले विषय आले की हात थांबत होता तेवढे वहीत लिहा, प्रश्न नाही, विषय, कारण प्रश्न उतरवून बाहेर सांगणं नियमात बसत नाही. मग स्कोअर रिपोर्टमधले नंबर ऑब्जेक्टिव्हच्या त्याच पीडीएफवर टाका, त्या ओळींपुढची खूण खोडून नवी करा, आणि दोन-तीन आठवडे फक्त त्या ओळी घेऊन जुन्या कॉम्प्युटरपाशी आणि व्हर्च्युअल मशीनपाशी बसा.